भरतीला पाखरं कुठे जातात?

वसईचा होळी बाजार सकाळी भरात असतो तेव्हा तिथे दोन घड्याळं चालू असतात. वाडीतून आलेली भाजी, केळी, विड्याची पानं आणि फुलं सूर्याच्या घड्याळावर येतात. मासळीच्या पाट्या येतात त्या चंद्राच्या घड्याळावर. होडी कधी सुटायची आणि जाळं कधी ओढायचं हे पाणी ठरवतं, आणि पाण्याची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या पाखरांचा दिवस याच दुसऱ्या घड्याळावर उगवतो आणि मावळतो. मध्यरात्री ओहोटी असेल तर त्यांची न्याहारी मध्यरात्री, दुपारी असेल तर दुपारी.

होळीचं ठिकाण मोठं मोक्याचं आहे. एका बाजूला किल्ला, पाचूबंदर आणि वसईच्या खाडीचं मुख. दुसऱ्या बाजूला भुईगाव, रानगाव, पुढे कळंब, राजोडी आणि थेट अर्नाळ्यापर्यंत पसरलेला वाळूचा आणि चिखलाचा किनारा. पाठीमागे, रेल्वेमार्गाच्या अंगाला, नायगावपर्यंतची मिठागरं. आपल्याला ही वेगवेगळ्या सहलींची ठिकाणं वाटतात. ताशी पन्नास किलोमीटरने उडणाऱ्या पाखराला किनारा आणि मिठागर यांच्यामध्ये दहा-बारा मिनिटांचा रस्ता आहे. वसईच्या समुद्रपक्ष्यांविषयी काही समजून घ्यायचं असेल तर हे अंतर मनात धरून ठेवायला हवं. किनाऱ्यावर पाखरं दिसतात, पण ती तिथे टिकून राहतात ती पाठीमागच्या जागेच्या भरवशावर.

दिवाळीच्या सुट्टीत लोकांची पावलं समुद्राकडे वळतात, तोवर पाहुणी पाखरं येऊन स्थिरावलेली असतात. पहिल्या तुकड्या ऑगस्टमध्येच उतरतात. तेव्हा पाऊस चालू असतो आणि किनाऱ्यावर माणूस नसतो, म्हणून त्यांचं येणं आपल्या लक्षात येत नाही. ऑक्टोबर सरता सरता संख्या वाढते आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम राहतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. बहुतेक वर्षी हा सप्ताह दिवाळीच्या मागेपुढेच येतो. पाखरांची ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगला काळ नाही.

कोण कुठून आलेलं असतं, हे एकदा कळलं की समोरचा किनारा वेगळाच दिसू लागतो. खाडीच्या मुखाशी थव्याने बसणारा तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात लडाखच्या आणि मध्य आशियाच्या उंच सरोवरांवर अंडी घालतो. आपल्याकडे येताना त्याच्या डोक्याचा तपकिरी रंग गेलेला असतो. कानामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो, आणि मार्च उजाडला की परतीच्या तयारीत डोकं पुन्हा रंगू लागतं. वाळूवर चार पावलं धावून एकदम थबकणारा, मुठीत मावेल एवढा चिखल्या तिबेटच्या पठारावरचा असतो. २०२३ मध्ये पक्षितज्ज्ञांनी या छोट्या चिखल्याच्या दोन जाती वेगळ्या मानल्या, सैबेरियाकडची एक आणि तिबेटकडची दुसरी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा काढणारी ती तिबेटी. हिमालय ओलांडून आलेलं पाखरू भुईगावच्या चिखलात किडे वेचत असतं आणि शेजारून क्रिकेटचा चेंडू जातो. बाकदार चोचीची छोटी तुतारी, इंग्रजीतली कर्ल्यू सँडपायपर, त्याहून लांबची: तिचं घरटं सैबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही.

या प्रवासाची ताकद किती असते याचा एक दाखला जगभर गाजला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काहून निघालेलं, जेमतेम पाच महिन्यांचं एक गॉडविट पाखरू अकरा दिवस न थांबता उडत टास्मानियाला पोचलं. अंतर १३,५६० किलोमीटर. वाटेत अन्न नाही, पाणी नाही, टेकायला जागा नाही. पाठीवरच्या छोट्या यंत्राने ही नोंद केली. गॉडविट कुळातली पाखरं आपल्या खाड्यांवरही येतात. मराठीत त्यांना पाणटिवळे म्हणतात. इतक्या लांबच्या उड्डाणासाठी लागणारं इंधन म्हणजे अंगावरची चरबी, आणि ती चिखलातून एकेक किडा वेचत साठवावी लागते. निघण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. किनाऱ्यावरची ओहोटी म्हणजे या पाखरांचा खाण्याचा वेळ, आणि तो वेळ मोजका असतो.

म्हणून पाखरं पाहायला निघताना पहिला प्रश्न असतो पाण्याचा. हल्ली मोबाइलवर भरतीची कोष्टकं मिळतात. पण कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब त्याहून सोपा आहे आणि तो दिनदर्शिकेवर करता येतो: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. ठिकाणागणिक थोडा फरक पडतो, पण सहल ठरवायला हा हिशेब पुरतो.

आता दिवाळीलाच हे गणित लावून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला भरती मध्यान्हीच्या आसपास येते, म्हणजे सकाळचा मोठा भाग पाणी चढतच असतं. भाऊबीज ही द्वितीया; भरती दीडला, ओहोटी पावणेआठला. पांडवपंचमीला भरती पावणेचारला आणि ओहोटी दहाच्या सुमारास. दुसरी गोष्ट उन्हाची. वसईचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोरच्या पाखराचं पीस न् पीस उजळतं. दुपारनंतर त्याच जागी डोळे दिपतात आणि पाखरांच्या जागी काळ्या सावल्या उरतात. दोन्ही हिशेब एकत्र केले की भाऊबीज ते पांडवपंचमी हे तीन-चार दिवस या किनाऱ्यासाठी उत्तम ठरतात. पंधरा दिवसांनी, वद्य पक्षात, त्याच तिथींना तीच संधी पुन्हा येते.

नवखे लोक ओहोटी पूर्ण झाली की पोचतात, आणि निराश होतात. पाणी तेव्हा इतकं दूर गेलेलं असतं की पाखरं क्षितिजावरच्या ठिपक्यांएवढी दिसतात. उत्साहाने त्यांच्या मागे चिखलात चालत जाणं धोक्याचं आहे. खाडीकाठचा चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो आणि पाणी पाठीमागच्या खोलगट भागातून आधी भरतं. शहाणपण याच्या उलट वागण्यात आहे. ओहोटी संपल्यावर तासाभराने किनाऱ्यावर यायचं, सुरूच्या कडेला किंवा वाळूच्या उंचवट्यावर बसायचं आणि हलायचं नाही. चढतं पाणी पाखरांना स्वतःहून तुमच्या दिशेने आणतं. चिखलाची पट्टी अरुंद होत जाते तशी ती जवळ येतात, आणि एक वेळ अशी येते की दुर्बिणीची गरज उरत नाही.

दुर्बीण मात्र असावी. आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण किनाऱ्यासाठी पुरेशी आहे. त्याहून जास्त पटीची हातात थरथरते. तिच्यातून पाहिलं की त्या गर्दीतली शिस्त उलगडते. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो वरवरचं हलणारं टिपतो, म्हणून त्याची चाल धाव-थांब-टिप अशी. छोटा टिलवा मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत पुढे सरकतो. तुतारीची चोच जरा खोल जाते, पाणटिवळ्याची त्याहून खोल, आणि मोठ्या कर्ल्यूची वाकडी लांबलचक चोच थेट बिळातल्या खेकड्यापर्यंत पोचते. एकाच चिखलाचे मजले त्यांनी वाटून घेतले आहेत. या चोचींच्या टोकाशी स्पर्शाची अतिशय तल्लख जाणीव असते, त्यामुळे काळोखातही त्यांचं जेवण चालू राहतं. पाण्याच्या रेषेवर, परतणाऱ्या लाटेच्या मागे आणि येणाऱ्या लाटेच्या पुढे धावणारी पांढुरकी पाखरं असतील तर ते सँडरलिंग. काळा समुद्रबगळा एकटाच उभा असतो, पंख पसरून सावली करतो आणि मासा टिपतो. वर सुरय घिरट्या घालत असतात, आणि मधूनच एखादा पाण्यात सूर मारतो.

पाखरांपाशीच नजर अडकून राहू नये. ज्या चिखलावर ती जगतात तो स्वतःच जिवंत आहे. तिवरांच्या कडेला निवट्या पाण्याबाहेर येऊन परांवर सरपटत असतो. मासा असून हवेत श्वास घेणारा. एक नांगी देहाएवढी मोठी असलेले नर खेकडे ती नांगी वर-खाली करून माद्यांना खुणावतात. वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते ती खेकड्यांच्या पिल्लांएवढ्या छोट्या जातीने वाळू चाळून टाकलेली असते. खडकाळ भागात कोळणी कालवं फोडतात, तिसऱ्या वेचतात. पाखरं आणि माणसं इथे एकाच ताटात जेवत आली आहेत, आणि एकमेकांच्या अंगवळणी पडलेली आहेत. चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईपासून पाखरू थोडं बाजूला होतं, उडत नाही. तिची चाल संथ आणि ठरलेली असते. उडतं ते धावणाऱ्या मुलापासून, कुत्र्यापासून आणि वाळूवर भरधाव येणाऱ्या गाडीपासून.

पाणी चढतं, चिखल संपतो, आणि पाखरं उठतात. इथून पुढचं फारसं कोणी पाहत नाही, कारण सहल संपलेली असते. पण किनाऱ्यावरच्या पाखरांचं निम्मं आयुष्य या न पाहिलेल्या वेळात जातं. भरतीचे चार-पाच तास त्यांना कोरडी किंवा घोटाभर पाण्याची, उघडी, चहूकडे नजर जाईल अशी जागा लागते. तिथे ती एका पायावर उभी राहतात, पिसं साफ करतात, झोपतात आणि खाल्लेलं पचवतात. ही जागा शांत असली पाहिजे. दर वीस मिनिटांनी उडावं लागलं, तर ओहोटीत कमावलेलं सगळं भरतीत खर्ची पडतं.

किनाऱ्यावरची कोरडी वाळू ही अशीच एक जागा. पण भरती आणि रविवार एकत्र आले की पाखरांना दोन्हीकडून दाब येतो: समोरून पाणी, मागून माणूस. सुट्टीच्या दुपारी भरतीला वसई-विरारच्या कोणत्याही लोकप्रिय किनाऱ्यावर उभं राहून पाहा. घोडागाडी, दुचाकी, ड्रोन, थव्यात धावत जाऊन पाखरं उडवणारी मुलं, आणि त्या उडत्या थव्याचा फोटो घेणारे वडील. त्या फोटोतलं दृश्य सुंदर असतं, यात शंका नाही. पण त्या उड्डाणाची किंमत पाखरू भरतं, आणि दिवसभरात आलेलं प्रत्येक कुटुंब ती पुन्हा वसूल करतं. मला हे मनापासून खुपतं, कारण यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. पाखरू उडालं म्हणजे ते खेळलं, असा आपला समज आहे. मान वर करणं, खाणं थांबवणं, चालत दूर जाणं ही पाखराची क्रमाने वाढत जाणारी विनंती असते. पहिल्या खुणेला माणूस थांबला, बसला, तर चौथी, म्हणजे उडण्याची, वेळ येत नाही. शंभर मीटरवरूनच मुलांना खाली बसवावं आणि दुर्बीण हातात द्यावी. धावणारं मूल तेवढ्यापुरतं शांत होतं, आणि बऱ्याचदा ते पुढे कायमचं पाखरांचं होतं.

किनारा गजबजला तर उरतं मिठागर. भाईंदर, नायगाव, वसई या टप्प्यात लोकलच्या खिडकीतून दिसणारी चौकोनी तळी रोज लाखो प्रवासी पाहतात. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात खेळवायचं, उन्हाने दाट करत न्यायचं आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरायचं, अशी ही शेती. मिठाचा हंगाम हिवाळा आणि उन्हाळा, पाहुण्या पाखरांचाही तोच. प्रत्येक खाचरात पाण्याची खोली वेगळी आणि खारटपणाही वेगळा, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या पायांच्या उंचीचं ठिकाण मिळतं. गुलाबी, लांबलचक पायांचे शेकाटे खोल पाण्यात, टिलवे काठाला, टिटव्या बांधावर, आणि बांधांच्या कोरड्या माथ्यावर भरतीच्या वेळी किनाऱ्याहून आलेले थवे. आगरी आणि कोळी माणसांनी पिढ्यान् पिढ्या उन्हात राबून घडवलेली ही जमीन पाखरांसाठी भरतीचं घर झाली, आणि त्यासाठी कोणी आराखडा केलेला नव्हता.

ही जमीन आता कागदावर ‘मोकळी’ समजली जाते. मुंबईत मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांवर घरबांधणीचे बेत जाहीर झाले आहेत, आणि वसईच्या बाजूला लोकलच्या खिडकीतून वर्षागणिक भराव पुढे सरकताना दिसतो. मिठागर गेलं तर फक्त पाखरं जात नाहीत, हे वसईकरांना जुलै २०१८ ने दाखवलं. त्या पावसात वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गावं आणि वसाहती दिवसेंदिवस तुंबल्या. पावसाचं पाणी आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की ते पाणी पसरायला सखल, उघडी जमीन लागते. पाखरांना भरतीत जी जागा लागते, तीच पाण्याला पावसाळ्यात लागते.

भरतीची जागा अडवली की काय होतं, याचा धडा ठाणे खाडीपलीकडे नवी मुंबईत गिरवला गेला आहे. ठाणे खाडीतले रोहित पक्षी ओहोटीत खाडीच्या चिखलावर खातात आणि भरतीत आसपासच्या पाणथळ तळ्यांवर येऊन थांबतात. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून जागतिक मान्यता मिळाली. पण भरतीतली तळी त्या सीमेच्या बाहेर राहिली. नेरूळच्या डीपीएस शाळेमागच्या तळ्यात भरतीचं पाणी येईनासं झालं, तळं सुकलं, आणि २०२४ च्या पूर्वार्धात तिथे रोहित मेलेले आढळू लागले. रहिवाशांनी आणि निसर्गप्रेमींनी ते प्रकरण लावून धरलं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. जेवणघर राखायचं आणि झोपायची खोली पाडायची, हे चालत नाही, एवढी गोष्ट सरकारी कागदावर यायला पाखरांचा जीव जावा लागला. तिवरांच्या बाबतीत कायदा आधीच खंबीर आहे: मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचाच घाला ठरवला. उघड्या चिखलाला आणि मिठागराच्या बांधाला असं कवच नाही. झाड दिसतं, म्हणून त्याची बाजू घेता येते. रिकाम्या दिसणाऱ्या जागेची बाजू घेणं अवघड जातं.

वसईच्या खाडीचं मुख पाहायला आता एक सोपी सोय झाली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो फेरी जाते. उल्हास नदीचं पाणी समुद्राला मिळतं त्या जागेवरून ही बोट जाते, आणि हिवाळ्यात तिच्या मागे कुरव असतात. दुर्बीण घेऊन जाऊन-येऊन केलेला हा प्रवास स्वस्तातली समुद्रसहल आहे. फक्त कुरवांना शेव-गाठिया टाकण्याची मुंबईच्या किनाऱ्यांवर पसरलेली रीत इथे आणू नये. तळलेलं, खारवलेलं पीठ हे लडाखला परतायच्या पाखराचं अन्न नव्हे.

जेट्टीवर उतरलं की किल्ला समोरच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या या किल्ल्याच्या तटांत आणि चर्चच्या पडक्या भिंतींत आज पोपट आणि पिंगळे राहतात, हिवाळ्यात हळद्या दिसतो, वडा-पिंपळांवर तांबट ठोकत असतो. भरतीच्या वेळी किनाऱ्यावर काही दिसेनासं झालं की हे तास किल्ल्यात घालवावेत. मार्च २०२४ च्या अखेरीस इथे बिबट्या आला आणि सुमारे पंचवीस दिवसांनी, एप्रिलमध्ये, वन खात्याच्या पिंजऱ्यात सापडला. तोवर परिसरातली माणसं संध्याकाळनंतर जपून वावरत होती. समुद्राला टेकलेल्या, आसपास वस्ती वाढलेल्या किल्ल्यात जंगलातला प्राणी पोचतो, म्हणजे तुंगारेश्वरकडचे डोंगर आणि हा किनारा यांच्यातली वाट अजून पुरती बुजलेली नाही.

पावसाळ्यात किनारा वेगळी माणसं आणि वेगळे जीव पाहतो. नैर्ऋत्येचा वारा खोल समुद्रातल्या पाखरांना किनाऱ्याकडे ढकलतो. एरवी आपल्या किनाऱ्याकडे न फिरकणारे बूबी आणि काळे सुरय थकून वाळूवर उतरलेले आढळतात. ऑलिव्ह रिडली कासवं जखमी होऊन किनाऱ्याला लागतात. सप्टेंबर २०२१ मध्ये वसईच्या मर्देस किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला होता. अशा वेळी गर्दी जमते, पाणी ओतलं जातं, सेल्फी घेतले जातात, थकलेल्या पाखराला पुन्हा समुद्रात फेकलं जातं. ते बुडतं, कारण ते उडायला अजून समर्थ नसतं. त्याला सावलीत, हवेशीर खोक्यात, शांत ठेवायचं आणि वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं, एवढंच करण्याजोगं आहे. कासवांसाठी तर आपल्याच जिल्ह्यात, डहाणूला, उपचार केंद्र आहे.

पाखरं पाहणाऱ्याच्या हातून किती मोठं काम होऊ शकतं, हे कोकणातच घडलं आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांची घरटी मोजत किनारा फिरत होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गरुड बाजूला राहिला आणि कासवांचं काम सुरू झालं. घरटी राखली जाऊ लागली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि गावातल्या घरांनी पाहुण्यांना जेवू-खाऊ घालून त्यातून उत्पन्न उभं केलं. आता पिल्लं समुद्रात जाताना लोक दोरीच्या मागे, गप्प उभे राहतात. तीच माणसं दुसऱ्या किनाऱ्यावर गाडी वाळूत घालत असतील. फरक आहे तो दोरीचा, आणि दोरीपाशी उभ्या असलेल्या गावकऱ्याचा. सालिम अलींनीही सुगरणीच्या घरट्यांचं आपलं पहिलं मोठं काम १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या घरी राहून केलं. बसून राहणं आणि रोज लिहून ठेवणं, हेच त्यांचं साधन होतं.

वसईला वेळाससारख्या दोरीची गरज आहे, आणि ती भरतीच्या जागेभोवती हवी. भुईगाव ते अर्नाळा या पट्ट्यात हिवाळ्याच्या महिन्यांपुरता, भरतीच्या तासांपुरता, वाळूचा एखादा तुकडा गाड्यांना आणि कुत्र्यांना बंद करणं ग्रामस्थ आणि महापालिकेने ठरवलं तर अवघड नाही. खानावळी, रिसॉर्ट आणि घोडागाडीवाल्यांचं पोट किनाऱ्यावर आहे. त्यांना वगळून हे होणार नाही, आणि होऊही नये. वेळासमध्ये उत्पन्न गावाच्या हाती राहिलं म्हणूनच राखण टिकली.

घाई करण्याला कारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक लाल यादीत किनारपक्ष्यांच्या सोळा जातींची स्थिती आधीपेक्षा वाईट असल्याची नोंद झाली. बाकदार चोचीची तुतारी आणि करडा चिखल्या ‘असुरक्षित’ गटात गेले. दोन्ही पाखरं आपल्या किनाऱ्यावर येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच यादीने बारीक चोचीच्या कर्ल्यूला नामशेष जाहीर केलं. सैबेरियात घरटी करून भूमध्य समुद्राकाठी हिवाळा काढणारं हे पाखरू शेवटचं खात्रीने दिसलं ते मोरोक्कोच्या एका खाडीवर, १९९५ मध्ये. शिकार आणि वाटेतल्या पाणथळ जागा जाणं, ही त्याची कारणं सांगितली जातात. त्याचा सख्खा भाऊबंद, मोठा कर्ल्यू, आजही आपल्या खाड्यांच्या चिखलात चोच खुपसून उभा असतो.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने भारतातही होते. हौशी माणसांनी केलेल्या याच नोंदींवर एखादी पाणथळ जागा महत्त्वाची की नाही हे ठरतं; मिठागराच्या वादात हरकत घेताना हातात ठेवता येतो तो हाच कागद. वसईत हे काम करायचं तर दोन गट हवेत. एकाने ओहोटीत भुईगावच्या वाळूवर बसून मोजायचं, दुसऱ्याने त्याच दिवशी भरतीत नायगावच्या बांधांवर, किल्ल्यामागच्या खाडीकाठी आणि अर्नाळ्याच्या वाळूवर. पायात रंगीत पट्टी असलेलं पाखरू दिसलं तर रंग, अक्षरं आणि तारीख टिपून सोसायटीला कळवायची. तिथून कळतं की ते कुठल्या गावी, कोणाच्या हातून, किती वर्षांपूर्वी सोडलं गेलं होतं. होळी बाजारातून निघालं तर दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात होतात. भाऊबीजेला सकाळी नऊला वाळूवर, आणि दीडला मिठागराच्या बांधावर.